बेनापोलचे फाटक बंद झाले की पारोळ्यात काय होते?

पारोळ्याच्या अंगावरून जाणारा हमरस्ता आपल्या रोजच्या पायाखालचा आहे. धुळ्याहून येतो, एरंडोल-जळगावकडे जातो, एवढेच आपण त्याच्याकडे पाहतो. परंतु हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ सुरतेकडून निघून नागपूर, रायपूर करीत थेट कोलकात्याला पोहोचत होता. कोलकात्यापासून पुढे साधारण ८० किलोमीटरवर पेट्रापोल हे सरहद्दीवरचे ठाणे लागते. फाटकाच्या अलीकडे पेट्रापोल, पलीकडे बेनापोल. अलीकडे भारत, पलीकडे बांगलादेश.

या फाटकाचा आणि पारोळ्याच्या कापसाच्या काट्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दरवर्षी आपल्या खिशातून जातो. खेडा खरेदी करणारा लहान व्यापारी, जिनिंगवाला, सरकीचा दलाल, धुळे-मालेगावचा यंत्रमागधारक, गादी-रजई भरणारा पिंजारी आणि आठवडे बाजारात तयार कपड्यांचे दुकान मांडणारा आपला बांधव, हे सगळे एकाच धाग्यात ओवलेले आहेत. त्या धाग्याचे एक टोक ढाका-चितगावच्या शिलाई कारखान्यांत बांधलेले आहे. म्हणून त्या देशाच्या व्यापारात काय चालले आहे हे आपल्या पेढीवर बसून समजून घेणे गरजेचे आहे.

कापूस नसलेला कापड-देश

बांगलादेश क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. लोकसंख्या मात्र १७ कोटींच्या आसपास. तिथे कापूस पिकतो तो गरजेच्या मानाने नाममात्र. तरीही जगाला तयार कपडे पुरविणाऱ्या देशांत चीननंतर त्याचे नाव घेतले जाते. त्याच्या निर्यातीच्या दर शंभर रुपयांपैकी ऐंशीहून अधिक रुपये निव्वळ तयार कपड्यांचे असतात.

हे एका रात्रीत घडले नाही. १९७९ च्या सुमारास चितगावच्या देश गारमेंट्स या कंपनीने सव्वाशेच्या वर माणसे दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीकडे शिलाईचे काम शिकायला पाठविली. ती माणसे परत आली आणि त्यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. त्या काळी श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर कोटा लावला होता. ही पद्धत १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत चालली. ज्या देशांचा कोटा भरला होता त्यांचे काम बांगलादेशकडे वळले.

भांडवलाची अडचण त्यांनी एका साध्या व्यवस्थेने सोडविली. परदेशी गिऱ्हाइकाने पाठविलेले बँकेचे पतपत्र, म्हणजे एलसी, आपल्या बँकेत ठेवायचे आणि त्याच्या बळावर कापड-सुताच्या खरेदीसाठी दुसरे पतपत्र उघडायचे. याला ‘बॅक-टू-बॅक एलसी’ म्हणतात. पदरी मोठी रक्कम नसतानाही ऑर्डर पुरी करता येते. माणूस शिकवून आणणे आणि ऑर्डरच्या बळावर माल उचलणे, या दोन गोष्टींवर एक देश उभा राहिला.

या वाढीला काळी बाजूही आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार दगावले. स्वस्त मालाची किंमत कोणी मोजली हे त्या दिवशी जगाने पाहिले.

कारखाने तिथे, कापूस मात्र बाहेरचा. ब्राझील, पश्चिम आफ्रिका, अमेरिका आणि भारत येथून रुई येते, शिवाय भारतातून तयार सूतही जाते. भारतीय रुई व सुताच्या परदेशी गिऱ्हाइकांत बांगलादेश हे वर्षानुवर्षे सर्वांत मोठ्यांपैकी एक राहिले आहे. आपल्या भागातल्या गाठी गुजरातच्या किंवा दक्षिणेच्या सूतगिरणीत जातात, त्यांचे सूत होते आणि त्यातले काही फाटकापलीकडे जाते. फाटकावर ट्रक थांबला की गिरणीचा माल साठतो, गिरणीची खरेदी मंदावते, गाठीचा भाव उतरतो आणि दोन-चार दिवसांत ती बातमी पारोळ्याच्या काट्यावर येते.

दोन वर्षांत काय काय घडले

२०२२ पासूनच बांगलादेशात डॉलरची चणचण सुरू झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ४७० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तरी नवीन पतपत्रे उघडायला तिथल्या बँका हात आखडता घेत राहिल्या. ५ ऑगस्ट २०२४ रोजी तिथले सरकार कोसळले. कारखाने काही दिवस बंद पडले आणि पेट्रापोलला मालाची ये-जा थांबली. पुढे दोन्ही देशांच्या संबंधांत कडवटपणा आला तो व्यापारातही उतरला.

८ एप्रिल २०२५ रोजी भारताने एक सवलत काढून घेतली. बांगलादेशचा माल भारताच्या भूमीवरून आपल्या बंदर-विमानतळांमार्गे तिसऱ्या देशात पाठविण्याची ती सोय २०२० पासून चालू होती. त्याच महिन्यात बांगलादेशने बेनापोलसह जमिनीवरच्या ठाण्यांतून भारतीय सूत आणण्यास बंदी केली. जमिनीच्या वाटेने येणारे भारतीय सूत स्वस्त पडते व आमच्या गिरण्या बुडतात, अशी तिथल्या गिरणीमालकांची तक्रार होती. १७ मे २०२५ रोजी भारताने उत्तर दिले. बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरून येणे बंद करून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच येऊ देण्याचा हुकूम निघाला.

समुद्राची वाट उघडी राहिली, हे खरे. परंतु ट्रक आणि जहाज यांत फरक आहे. लहान गिऱ्हाईक चार-सहा ट्रक सूत आठवड्याभरात मागवीत असे. समुद्रमार्गे कंटेनर भरावा लागतो, दिवस जास्त लागतात आणि तितके दिवस पैसा अडकतो. मोठी गिरणी हे सोसते. मधला माणूस मात्र त्यात दबतो.

त्याच साली अमेरिकेचे प्रकरण आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बांगलादेशी मालावर २० टक्के जादा जकात लावली, तर भारतीय मालावर आधी २५ आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५, अशी एकूण ५० टक्के. नंतर वाटाघाटी व फेरबदल होत राहिले, परंतु त्या हंगामात तिरुपूर-सुरतच्या ऑर्डरी हलल्या त्या हलल्याच. कापड उद्योगाला आधार म्हणून भारत सरकारने रुईवरील ११ टक्के आयात-जकात १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केली. ही जकात २०२१ च्या अंदाजपत्रकात लागली होती. माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचा कापूस वेचणीला आला त्याच महिन्यांत परदेशी रुई बिनजकात बंदरात उतरत होती.

खंडीचा हिशोब

या सगळ्याचा जिनिंगवर काय परिणाम होतो ते आकड्यांत पाहू. पुढचे भाव समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे भाव घालून हाच हिशोब प्रत्येकाने करावा.

रुईची एक खंडी ३५६ किलोची. शंभर किलो कापसातून ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी आणि २ किलो घट धरली, तर एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. कापूस ७,५०० रुपये क्विंटलने घेतला तर खर्च ७८,७५० रुपये. त्यातून ६७२ किलो सरकी निघाली. ती ३५ रुपये किलोने गेली तर २३,५२० रुपये परत आले. उरले ५५,२३०. पिंजाई, गाठ बांधणी, हमाली, भाडे मिळून २,५०० धरले तर खंडी ५७,७३० रुपयांना पडली.

आता बाजारात खंडीला ६०,००० मिळाले तर २,२७० रुपयांचा नफा. ५५,००० मिळाले तर २,७३० रुपयांचा तोटा. गाठ १७० किलोची. शंभर गाठींचा ट्रक धरला तर एका ट्रकमागे सव्वा लाखाहून अधिक रुपये गेले. आणि त्याच वेळी सरकी पाच रुपयांनी उतरली तर प्रत्येक खंडीमागे आणखी ३,३६० रुपये गेले. म्हणूनच जुने जाणकार रुईइतकीच सरकीच्या भावावर नजर ठेवतात.

याच हिशोबात सरकारी हमीभाव घालून पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव ठरला. ८,११० रुपयांनी कापूस घेतला तर खंडी ६४,००० रुपयांच्या पुढे पडते. बाजार त्याखाली असेल तर खासगी जिनिंगवाला हमीभाव देऊ शकत नाही. त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही, हिशोबच तसा येतो. मग शेतकरी सीसीआयच्या केंद्राकडे वळतो. तिथे आधी मोबाईलवर नोंदणी करावी लागते, ८ टक्क्यांपेक्षा जास्त ओल असेल तर दर कमी होतो आणि १२ टक्क्यांवर माल घेत नाहीत. ज्याला दिवाळीसाठी, लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी रोख हवी तो खेडा खरेदीवाल्यालाच कापूस देतो, तोही पडत्या भावात. येथे आपल्या बांधवांची कसोटी लागते. गरजवंताचा माल घेताना काटा सरळ आणि कट्टी वाजवी ठेवली तर तो पुढच्या साली पुन्हा आपल्याच दारात येतो.

एकाच बातमीची दोन घरे

आता बाजूच्या घरात जाऊ. मालेगाव आणि धुळ्याच्या यंत्रमागावर बसणारा मोमीन-अन्सारी विणकर हाही या पानाचा वाचक आहे. जिनिंगवाल्याचे दुःख हे पुष्कळदा त्याचे सुख असते. सुताची निर्यात थांबली की गिरणीचे सूत देशात उतरते, भाव नरमतो आणि विणकराला श्वास घ्यायला जागा मिळते. निर्यात जोरात असली की सूत कडाडते. समजा, एका मीटर कापडाला १०० ग्रॅम सूत लागते. सूत किलोमागे १० रुपयांनी चढले तर मीटरमागे एक रुपया वाढला. विणकराच्या हातात मीटरमागे उरतातच थोडे रुपये, त्यातला एक रुपया गेला की घर चालविणे कठीण. कापडाचा व्यापारी भाव वाढवून देत नाही, कारण त्याला पुढे पालीच्या किंवा बालोतराच्या रंगाई-छपाईवाल्याशी झगडायचे असते.

तिसरे घर तयार कपड्यांच्या दुकानदाराचे. २०११ साली भारताने बांगलादेशी कपड्यांना जवळपास संपूर्ण जकातमाफी दिली. तेव्हापासून तिथला शर्ट, जीन्स आपल्या बाजारात मुबलक आला. खानदेशचा कापूस सूत होऊन पलीकडे जातो आणि शर्ट होऊन इकडे येतो, असे सहज घडू शकते. २०२५ च्या बंदीने तो माल महाग आणि उशिरा झाला. दुकानदार कुरकुरला, स्थानिक शिलाई करणाऱ्याला मात्र थोडी संधी दिसली.

तात्पर्य, बेनापोलचे फाटक उघडे राहावे की बंद, यावर आपल्याच समाजात एकमत होणार नाही. म्हणून फाटकाच्या बातमीवर खूश होणे किंवा हाय खाणे यांत अर्थ नाही. आपल्या धंद्यात ती बातमी कोणत्या बाजूने येते हे ओळखणे महत्त्वाचे.

पुढच्या काळासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बांगलादेशला आजवर ‘अतिमागास देश’ म्हणून युरोपात जकातमाफी मिळत आली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये त्याला या यादीतून काढण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरविली. ती पुढे ढकलावी अशी मागणी तिथल्या व्यापारी संघटना करीत आल्या आहेत. युरोपने त्यानंतरही तीन वर्षे सवलत चालू ठेवण्याचे मान्य केले आहे. ती मुदत संपली की सवलतीसाठी नियम कडक होतील आणि निव्वळ शिलाई पुरणार नाही, कापडही तिथेच विणावे लागेल. म्हणजे तिथल्या मागांना सूत जास्त लागेल. ते सूत भारताचे असेल की अन्य कोणाचे, हे दोन्ही सरकारांच्या वागण्यावर ठरेल.

तेजीचा जुना धडा

परक्या देशातल्या घडामोडीने खानदेशचा कापूस वरखाली होणे नवे नाही. पारोळ्याचा बाजार जुना. १७२७ च्या सुमारास हरी सदाशिव दामोदर यांनी येथे किल्ला बांधला आणि लहानशा खेड्याची पेठ झाली. गुरे, कापूस, लुगडी आणि धान्य यांचा येथे व्यापार चाले असे इंग्रजी अमलातील गॅझेटियर सांगते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत कंपन्यांचे पेव फुटले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. अनेक पेढ्यांची दिवाळी वाजली. ज्यांनी तेजीत कर्ज काढून माल भरला होता ते बुडाले.

अलीकडचे उदाहरण सर्वांच्या आठवणीत आहे. मे २०२२ मध्ये रुईची खंडी एक लाखाच्या पुढे गेली आणि कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. पुढच्या हंगामात शेतकऱ्याने तोच भाव मिळेल म्हणून कापूस घरातच ठेवला. खानदेशात कित्येक घरांत २०२३ चा उन्हाळा आला तरी कापूस पडून होता, त्याने अंगाला खाज सुटत होती आणि भाव सात हजारांच्या आसपास उतरला होता. ज्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या मागोमाग साठा केला त्यांचीही तीच गत झाली.

आपल्या हातात काय आहे

भाव ठरविणे पारोळ्याच्या हाती नाही. ते ढाक्याच्या हातीही नाही. जो देश अथवा जे गाव भाव ठरवू शकत नाही, त्याने आपला काटा, आपली वही आणि आपला माल नीट ठेवावा. याविषयी चार गोष्टी.

पहिली, साठा. दुसऱ्याच्या पैशावर साठा करू नये. कापूस घेतला त्याच आठवड्यात रुई आणि सरकी या दोन्हींचा सौदा होईल एवढीच खरेदी करावी.

दुसरी, उधारी. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही त्याला जोड मिळाली. वेळेत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. याचा फायदा उद्यम नोंदणी असलेल्या यंत्रमागधारकाला, जिनिंगला आणि मजुरीवर काम करणाऱ्या कारागिराला आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही, हा भेद ध्यानात घ्यावा. नोंदणी फुकट होते, दलालाला पैसे देऊ नयेत. उशीर झाल्यास कायदा व्याजही देतो. ते घ्यायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे, परंतु मुद्दल मागण्याचा हक्क सर्वांनाच आहे.

तिसरी, वही. शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने ५ टक्के जीएसटी स्वतः भरायचा असतो. हा नियम १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पुढे तो कर वजा मिळतो, पण त्यासाठी पावती आणि नोंद हवी. खेडा खरेदीतली चिठ्ठी खिशात राहिली की वर्षअखेरीस तीच चिठ्ठी दंड होऊन समोर येते.

चौथी, माल. ओला कापूस, पाणी मारलेला कापूस, फरदडीची भेसळ यांतून चार पैसे सुटतात, पण गाठीचे नाव जाते. ब्राझीलची रुई जगात खपते याचे एक कारण तिच्यात कचरा कमी असतो. आपल्या गाठीने हेच मिळवले तर मंदीतही गिरणी आधी आपल्याकडे फोन करील.

शेवटी शेजारचेच एक उदाहरण. पारोळ्याला रेल्वे नाही, जवळचे स्टेशन अमळनेर. त्या अमळनेरात १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. ते मूळचे धान्याचे व्यापारी. तेलबिया जशाच्या तशा बाहेर न पाठविता त्यांचा पक्का माल येथेच करायचा, असा तो बेत होता. ती वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स कंपनी आज विप्रो या नावाने जगाला ठाऊक आहे. प्रत्येकाला विप्रो काढता येणार नाही. परंतु रुईऐवजी गादी, सुताऐवजी कापड, कापडाऐवजी शिवलेला सदरा विकता आला, तर परक्या फाटकावरचे आपले अवलंबन तेवढ्याने कमी होते. चितगावच्या सव्वाशे माणसांनी शिलाई शिकून आपल्या देशाचा धंदा बदलला. आपल्या मोहल्ल्यातली दहा मुले-मुली शिलाईचे यंत्र आणि हिशोबाची वही दोन्ही नीट शिकली, तर पारोळ्यातही ती सुरुवात होऊ शकते.